शनिवारी लोखंड घेत नाहीत

माझं नाव सिंधु. माहेर देगलूर, सासर जळकोट, आणि डोकं जरा गरम. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई लई बोलते. बोलते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं गप्प बसून बघितलं, त्यात कुणाचा काही फायदा झाला नाही.

आमचं गॅरेज बसस्टँडच्या पुढं, रोडला लागून. आमचे हे, म्हणजे वैजनाथ, मोटारसायकल, ॲपे, ट्रॉली, जे दारात येईल ते दुरुस्त करतात. इंजिनाच्या कामात ह्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. पण आमच्याकडं वेल्डिंगची मशीन नव्हती. स्टँड तुटलं, चासीला भेग पडली, की गाडी ढकलत समोर गुरुलिंगच्या गॅरेजात न्यायची. गुरुलिंग वेल्डिंग मारायचा आणि मारता मारता गिऱ्हाइकाला म्हणायचा, आता आलाच आहात तर ब्रेक पण बघून घेऊ का. झालं, ते गिऱ्हाईक त्याचं. वर त्याची मशीन एवढी दांडगी की त्यानं ती लावली की आमच्या सगळ्या ओळीचे पंखे मंदावायचे. गिऱ्हाईक आमचं, पैसा त्याचा आणि घाम परत आम्हालाच, आता सांगा.

आता माझं सांगते. माझे अप्पा देगलूरला गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतात. दहावीच्या सुट्टीत त्यांनी गंमत म्हणून माझ्या हातात वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर दिला, आणि मग तो मी सोडलाच नाही. देगलूरच्या कितीतरी खिडक्यांत माझे जोड आहेत. पण सोयरीक जमवताना आत्यानं सगळ्यांना दम भरला, की लोखंडाचं नाव काढू नका, पोरीला शिवणकाम येतं एवढंच सांगा. अप्पा मान खाली घालून बसले होते. तेवढं एक मला अजून आठवतं.

ह्यांना मी पहिल्याच दिवाळीला सगळं सांगितलं. हे एवढे खूश झाले की ताटातली करंजी हातातच राहिली. म्हणले, आपण मशीन घेऊ, तू वेल्डिंग कर, मी बाकीचं बघतो, मी बापूंना सांगतो. बापू म्हणजे माझे सासरे, अण्णाराव; मी त्यांना मामा म्हणते. तेव्हापासून हे सांगून राहिलेत. बापापुढं ह्यांचं तोंड म्हणजे गंजलेला नट, पाना लावला तरी फिरत नाही.

मामा वाईट माणूस नाहीत. शेत पुतण्याकडं बघायला दिलं आणि दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात. जागा त्यांची, भांडवल त्यांचं, खुर्ची त्यांची, आणि शेवटचा शब्द पण त्यांचाच.

तर शुक्रवारी दुपारी पंचाक्षरी बँडवाला आला. त्याची ती लायटिंगची गाडी असते ना, वरातीत पुढं चालणारी, वर भोंगे, बाजूनं झुंबरं, ती दोन माणसं ढकलत आणत होती. खालच्या सांगाड्याचे अँगल जोडातून निखळले होते आणि गाडी एका कुशीवर कलली होती.

पंचाक्षरी म्हणला, "रविवारी दुपारी वरात हाय, अण्णा. तुमच्याच्यानं जमलं तर ह्या सीझनला माझ्या सगळ्या गाड्या तुमच्या दारात. न्हाईतर समोरचं दार उघडंच हाय."

मामांनी समोर बघितलं. गुरुलिंग पानाचा डबा उघडून आरामात चुना लावत होता.

"जमतंय," मामा म्हणले. "उद्याच नांदेडहून मशीन आणतो. गुरुलिंगच्या मशीनपेक्षा मोठी. आणि चालवायला आपला प्रेम हायच."

प्रेम म्हणजे गावातलाच एक वेल्डर. काम बरं करतो, मिजास त्याहून बरी करतो. मोठी मशीन आली की तिच्यामागं प्रेम येणार, कारण ती ओढायलाच दोन गडी लागतात. आणि प्रेम एकदा आला की मी जन्मभर त्याला चहा नेऊन देणार. लहान मशीन आली तर ती मी स्वतः उचलीन, स्वतः लावीन आणि मला कुणाला विचारायची गरज नाही. माझं सगळं त्या एका खरेदीवर येऊन ठेपलं होतं, आणि मला त्या खरेदीला नेणार होते ते फक्त मशीनला हळदी-कुंकू लावायला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. मामा एवढे हरखले होते की चपला उलट्या घालून बसस्टँडवर आले. ह्यांच्या खिशात नेहमीसारखं लोहचुंबक, इंजिनात पडलेले स्क्रू काढायला ते लागतं. माझ्या पिशवीत हळदी-कुंकवाच्या पुड्या आणि एक नारळ. कंधारपर्यंत मामा गुरुलिंगचं तोंड कसं होईल तेच सांगत राहिले, आणि कंधारच्या पुढं परत पहिल्यापासून.

नांदेडच्या बाजारात, मोंढ्यातल्या मशीनच्या दुकानात गेलो. मालक आनंदराज, तरणा माणूस, गोड बोलणारा. मामांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. कोपऱ्यात चाकं लावलेली एक मोठी मशीन उभी होती, तिच्याकडं गेले. आता मामांनी आयुष्यभर खरेदी केली ती बैलांची. त्यांनी मशीनला एक चक्कर मारली. पाठीवर थाप मारली. खाली वाकून चाकं बघितली. मग पाय लावून ढकलून बघितलं. मशीन जागची हलली नाही.

"हीच," मामा म्हणले.

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि रुमालाखालून हात आनंदराजपुढं केला. बैलबाजारात भाव असाच करतात, रुमालाखाली बोटं धरून, म्हणजे चार लोकांना कळत नाही. आनंदराजला काय माहीत. त्यानं रुमालासकट हात हातात घेतला आणि आदरानं हलवला.

"नमस्कार काका," तो म्हणला.

मामांनी त्याची दोन बोटं दाबली. आनंदराजनं पण प्रेमानं दाबली. मामांचा चेहरा एकदम खुलला. ह्यांच्या कानाला लागून म्हणले, "पोरगा लईच कमीत द्यायला तयार हाय." हे छताकडं बघू लागले. मी पदर तोंडात कोंबला.

एवढ्यात मी फळीवरची ती बघितली. लहान, पिठाच्या डब्याएवढी, वर पट्टा. अप्पांनी माझ्या लग्नाच्या आधी असलीच घेतली होती. मी सहज उचलून बघितली आणि हातात तरंगली म्हणा ना. आनंदराज म्हणला, "वहिनी, ही इन्व्हर्टरची. घरच्या लाइटवर चालते, पातळ पत्र्याला भोक पाडत न्हाई. गाड्यांच्या कामाला हीच बरी."

मामांनी मान वळवून बघितलं. "हे खेळणं हाय. हिला वाऱ्यात बांधून ठेवावं लागंल."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी तोंड उघडलं, त्यातून हवा आली, आणि तोंड मिटलं. मशीन टेम्पोत टाकायचं ठरलं. मी हळदी-कुंकवाची पुडी सोडली. मनात म्हणलं, सिंधे, लाव आपल्या हातानं आपल्यालाच कुंकू.

तेवढ्यात लिंबू-मिरच्यांची टोपली घेऊन एक माणूस आला. दुकानाच्या दारावरचं जुनं काढलं, ताजं बांधलं, आणि पुढच्या दुकानात गेला. मामा ते बघत राहिले. त्यांचा हात मशीनच्या पाठीवर होता, तो हळूच उचलला गेला.

"आज वार कोणता?"

"शनिवार," आनंदराज म्हणला.

मामा मटकन स्टुलावर बसले. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण कळतं. तरुणपणी मामांनी एकदा शनिवारी नांगराचा फाळ आणला होता आणि त्याच आठवड्यात बैलानं त्यांना शिंगावर घेतलं. सासूबाई म्हणतात, तो बैल मुळातच मारका होता. पण मामांनी बैल ठेवला आणि शनिवार सोडला. कालपासून डोक्यात नुसती मशीन नाचत होती, त्यात वारच विसरले.

"उद्या नेऊ की," हे म्हणले.

"रविवारी मोंढा बंद, दादा," आनंदराज म्हणला.

वरात रविवारी. मामांच्या डोळ्यांपुढं गुरुलिंगचा पानाचा डबा आला असणार. आणि माझ्या जिभेवर कोण येऊन बसलं देव जाणे, मी म्हणले, "मामा, ही लहान लोखंडाची न्हाईच. आत तांबं असतं, ॲल्युमिनियम असतं."

मामांनी मान वर केली. "वैजनाथ, चुंबक काढ."

ह्यांनी लोहचुंबक लहान मशीनीला लावलं. चट्कन चिकटलं. पत्र्याचा डबा तो, चिकटणारच. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना फसवून शनीच्या दाढेत ढकलत होते.

पण आनंदराज हाडाचा दुकानदार. शिडी लावली आणि वरच्या फळीवरून दुसरी काढली, प्लास्टिकच्या बॉडीची. ह्यांनी चुंबक पुढून लावलं, पडलं. मागून लावलं, पडलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं पण गोळा झाली. खालून लावलं तर एका स्क्रूला चिकटलं.

"स्क्रू हाय," एक म्हातारा गिऱ्हाईक म्हणला.

"स्क्रू लोखंडात धरायचा का?" दुसरा म्हणला. त्यावर चर्चा झाली. सगळे मामांकडं बघू लागले, कारण निकाल त्यांनीच द्यायचा होता. मामांनी स्क्रूवर अंगठा फिरवला.

"सागवानी दाराला खिळे असतात," ते म्हणले. "म्हणून कुणी त्याला लोखंडाचं दार म्हणत न्हाई. घ्या."

मी तिथंच नाचले असते, पण सासऱ्यापुढं नाचता येत नाही. हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी मशीनीच्या जाळीत जाऊ नये म्हणून मी ती पटकन पोटाशी धरली, आणि पाणी सगळं ह्यांच्या पँटवर गेलं.

मग आनंदराजनं रॉडचं पाकीट ठेवलं. मामांनी स्वतः चुंबक लावलं. चिकटलं. अर्थिंगची चिमटी ठेवली, चिकटली. हातोडी, चिकटली. मामांनी एकेक बाजूला सारलं. हे कसंबसं म्हणले, "बापू, रॉडबिगर मशीन चालत न्हाई."

"रॉड गावात उसने घेऊ," मामा म्हणले. "उसनं म्हणजे घेणं न्हाई."

परतीच्या एसटीत मशीन माझ्या मांडीवर होती. मामा दोनदा म्हणले, इकडं दे, आणि मी दोनदा दिली नाही.

जळकोटला उतरलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. मामांनी प्रेमला मशीनचा फोटो पाठवला. त्याचा फोन आला. मोठ्यानं बोलतो तो, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "अण्णा, हा मिक्सर हाय. असल्यावर मी काम करत न्हाई, माझं नाव खराब होतंय." मग मामा स्वतः रस्ता ओलांडून गुरुलिंगकडं रॉड मागायला गेले. माझे सासरे, ज्यांनी गुरुलिंगला कधी साधं जेवलास का म्हणून विचारलं नव्हतं. गुरुलिंगनं दोन्ही हात जोडले.

"अण्णा, तुमच्यासाठी जीव देईन. पण आज शनिवार. मी शनिवारी लोखंड दाराबाहेर जाऊ देत न्हाई."

मामा परत आले आणि खुर्चीत बसले. इतकं लहान होऊन बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला, आणि तसाच पाय आपटत मी आत गेले.

माझ्या लग्नातली पेटी आहे. साड्या बाहेर फेकल्या. तळाशी अप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं ते होतं. रॉडचं फोडलेलं पाकीट, काळ्या काचेचा चष्मा, आणि झिजलेली चिमटी. रुखवतात सगळ्या बायकांनी विणलेले रुमाल आणि मण्यांची तोरणं मांडली होती. अप्पांनी हे रात्रीतून पेटीत सरकवलं होतं आणि मला सासरी आल्यावर सापडलं. त्या दिवशी पण मी रडले होते, आज पण रडले. मग नाक पुसलं आणि बाहेर आले.

"मामा, वेल्डिंग मला येतं. अप्पांकडं लग्नापर्यंत तेच करत होते. मी करते."

ह्यांचा नट एकदम सुटला. "येतं बापू तिला. लई चांगलं येतं. मला म्हाईत हाय." आणि तीन वर्षांचं साठलेलं एका दमात बोलून टाकलं, करंजीसकट.

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाकिटाकडं बघितलं. "हे शनिवारी घेतलेलं न्हाई ना?"

"लग्न गुरुवारी लागलं, मामा."

"मग कर."

रॉड इतकी वर्षं पेटीत राहून सर्दावले होते. असले रॉड तापवून वाळवावे लागतात, नाहीतर चिकटतात नुसते. मी चुलीवर तवा ठेवला आणि त्यावर ओळीनं रॉड मांडले. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय भाजून राहिलीस?"

"वेल्डिंगचे रॉड, आत्याबाई."

त्या तव्यावर वाकल्या. मग उलथणं माझ्या हातात दिलं आणि म्हणल्या, "एका बाजूनंच करपायलेत, उलट."

साडीवर ह्यांचा जाड शर्ट चढवला, चष्मा लावला, गाडीखाली बसले. पहिला रॉड टेकवला. चिकटला. ओढून काढला. दुसऱ्यांदा टेकवला आणि ठिणगी धरली, आणि माझ्या अंगातून असा आनंद गेला की काय सांगू. भज्याचा घाणा कढईत सोडल्यासारखा सलग आवाज येऊ लागला. तो आवाज आला की समजायचं, जोड बसून राहिलाय.

"मामा, उघड्या डोळ्यांनी बघू नका," मी ओरडले. "भिंतीकडं तोंड करा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम केला. त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीकडं फिरवली, आणि तसेच बसून आवाज ऐकत राहिले. शेजारचे दुकानदार बाहेर आले. ते आपापल्या पंख्याकडं बघत होते. पंखे गरगरत होते. गुरुलिंग पण बाहेर आला आणि वर मान करून बराच वेळ स्वतःचा पंखा बघत राहिला.

पण एक बाजू झाली आणि रॉड संपले. हार्डवेअरचं दुकान उघडं होतं, पण वार तोच होता. मी जोडावरची खपली पाडून, हात धुऊन जेवायला वाढलं. मामा जेवले, उठले, झोपायला गेले. जोड बघायला पण थांबले नाहीत. मी ह्यांना म्हणले, झालं, आता सकाळी प्रेमच्या पाया पडून आणतील. हे म्हणले, थांब तरी. मला थांबायला सांगणाऱ्या माणसाचा मला नेहमीच राग येतो.

सकाळी उठले तर खुर्ची रिकामी. मामा नव्हते, चपला नव्हत्या. मी राग गच्च धरूनच चहा ठेवला. तेवढ्यात मामा आले, हातात दोन पिशव्या. एकीत रॉडची पाकिटं, हातोडी, नवी चिमटी. दुसरीत तोंड झाकायची मोठी काच, हातमोजे. हार्डवेअरवाल्याला अंथरुणातून उठवलं होतं त्यांनी. सगळं माझ्यापुढं ओट्यावर ठेवलं आणि ते भिंतीकडं बघत म्हणले,

"रविवारचं हाय. आता तो तवा सोड. रात्री चपातीला वास येत होता."

मी तोंड फिरवून लई हसले आणि त्यातच रडले. सासूबाई म्हणल्या, चहा उतू चाललाय.

दुपार व्हायच्या आत गाडी उभी राहिली, सरळ. पंचाक्षरी आला तो सगळी बँडपार्टी घेऊनच. जोडाला हात लावून बघितला, लाथ मारून बघितली. समाधान होईना. म्हणला, चढा रे सगळे. ढोलवाला, ताशेवाला, भोंगेवाले, सगळे त्या गाडीवर चढले आणि उड्या मारल्या. झुंबरं किणकिणली. सांगाडा हू का चू करेना. मग वरूनच त्यांनी वाजवायला सुरुवात केली. रस्त्यावरची माणसं थांबली, एक एसटी थांबली, ड्रायव्हर खिडकीतून टाळ्या वाजवू लागला. समोर गुरुलिंग पान चघळायचा थांबला होता.

वाजवणं थांबलं तेव्हा पंचाक्षरी घाम पुसत म्हणला, "अण्णा, हात लई साफ हाय. प्रेमचा न्हाई हा. नवीन वेल्डर ठेवला का? कुठून आणला?"

मी दारात उभी होते, हातात होल्डर, तोंडाला काजळी. मामा खुर्चीतून उठले. गुरुलिंगला ऐकू जावं एवढ्या मोठ्या आवाजात म्हणले,

"ठेवला न्हाई. देगलूरहून आणलाय. कधीचाच आणलाय, वाजतगाजत, तुझ्याच बँडवर. आमालाच कळायला उशीर झाला."

पंचाक्षरीनं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि गाडीवरच्या माणसांना म्हणला, आपण त्या लग्नात जे वाजवलं होतं तेच आता वाजवा. मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून नाचायला पाय उचलला.